घर पूर्णपणे आईचं राहू दे

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

मृत्युपत्राचा विषय फोनवर निघाला की बाबा म्हणतात, "सगळीकडे नॉमिनी लावलाय, काळजी करू नकोस," आणि आई "शुभ बोल गं" म्हणून विषय बदलते. म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा.

बाबा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तुमच्या पश्चात बँकेने किंवा सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढंच त्याने ठरतं. मिळालेलं त्याने खऱ्या वारसांसाठी सांभाळायचं असतं. शेअर्सच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. नॉमिनेशन असू द्याच, धावपळ वाचते. पण मृत्युपत्राचं काम ते करत नाही.

मृत्युपत्र नसेल, तर 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखा वाटा. आजी आता नाही. म्हणजे फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर आईच्या वाट्याला एक तृतीयांश येणार, उरलेला दादाचा आणि माझा. जे घर तिने इतकी वर्षं सांभाळलं, ते विकायचं तर तिला आमच्या सह्या लागणार. आम्ही हक्कसोडपत्र करून देऊच, त्यात शंका नको. पण दादाचं किंवा माझं काही बरंवाईट झालं तर? आमचा हिस्सा आमच्या मुलांकडेही जाईल, आणि अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाचा हिस्सा विकायचा म्हणजे न्यायालयाची परवानगी. त्या वयात आईने तारखांना का जावं?

म्हणून माझं स्पष्ट मत: घर आईला पूर्ण मालकी हक्काने द्या. बरेच जण "पत्नीला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, नंतर मुलांना" असं लिहितात. ऐकायला बरं वाटतं, पण मग तिला गरज पडली तरी घर विकता येत नाही. आत्ताच बक्षीसपत्र करून, म्हणजे हयातीतच घर भेट म्हणून तिच्या नावावर करूनही देऊ नका. ते एकदा केलं की सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीदाही बदला, शेवटचं तेवढं चालतं.

बाकी फार अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. तुम्ही सही करायची ती दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, आणि त्यांनी तुमच्या समोर. साक्षीदार असा निवडा ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान, कारण पुढे वाद झालाच तर निदान एकाला न्यायालयात येऊन सांगावं लागतं. प्रत्येक पानावर सही करा. तुमचं मन शाबूत असल्याचा त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्याच. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर म्हणून कुणाचं नाव घालायचं, ते तुम्हीच ठरवा.

आई, "माझ्याकडे आहेच काय" म्हणू नकोस. तुझे दागिने आहेत, ठेवी आहेत. तुझं वेगळं मृत्युपत्र हवं. बांगड्या कुणाला, पाटल्या कुणाला, हे तुझ्या मनातलं तुझ्याच शब्दांत लिही. आम्हाला अंदाज करायला लावू नकोस.

दादाशी बोलले आहे, त्याचंही हेच म्हणणं आहे. आमच्या वाटण्या व्हाव्यात म्हणून हे लिहिलेलं नाही. उद्या तुमच्यापैकी एकजण एकटं राहिलं, तर त्या माणसाला कुणाच्याही मर्जीवर राहावं लागू नये, एवढंच हवंय.

पुढच्या महिन्यात येतेय. तोवर फ्लॅटचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ठेवींच्या पावत्या एका फाइलीत लावून ठेवा. वकिलांकडे आपण तिघं मिळून जाऊ.

तुमची लेक