राजारामपुरीतल्या ऑफिसचा एसी

कोल्हापूर

प्रिय बंड्या,

तुझी राजारामपुरीतली जागा बघून आलो. वरचा मजला, पश्चिमेला भलीमोठी काच. दुपारी तिथं पापड वाळतील! तू विचारतोस, किती टनाचा एसी घेऊ? भावा, आधी काय पाहिजे ते लिही, मशीन मागनं.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक नाम सुह यांनी डिझाइनचे दोन नियम मांडलेत. पहिला : एक गरज भागवताना दुसरी बिघडू नये. त्यांचं उदाहरण नळाचं. गरम-गार असे दोन वेगळे नळ असले, की धार वाढवताना पाण्याचा ऊनपणा बदलतो. एका दांड्याच्या मिक्सरला तसं होत नाही. दांडा उचलला की धार, फिरवला की ऊनपणा.

आता तुझं ऑफिस. हीटर खोडून टाक. डिसेंबरात सकाळी दहाच्या आत तुझ्याकडं कोण येणार आहे? उरलं काय, तर गारवा, दमटपणा आणि ताजी हवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणजे तिसरी गरज तशीच राहिली. आणि दमटपणा जातो तो एसीतली कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळी, गार असेल तेवढाच वेळ. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर असते तेव्हा बाहेर मुळात उकाडा नसतो, ओल असते. एसी 24 ला लावला की कॉम्प्रेसर लगेच थांबतो आणि हवा चिकट ती चिकटच. मग कुणीतरी 18 करतो आणि बाकीचे शाली गुंडाळून बसतात. हेच ते दोन नळ. दुकानदार 'मोठाच घ्या साहेब' म्हणेल, पण मोठा एसी आणखी लवकर थांबतो. ड्राय मोडही खोली गार करतच ओल काढतो.

म्हणून ताज्या हवेला फिल्टरचा वेगळा पंखा, पावसाळ्यापुरता वेगळा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, आणि एसीकडं फक्त गारवा. काचेला बाहेरून छज्जा कर. ऊन आत आल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नाही.

दुसरा नियम : पहिल्या नियमात बसणाऱ्या पर्यायांपैकी ज्याची जमायची खात्री जास्त, तो निवड. माझ्या मते एका मोठ्या यंत्रणेपेक्षा दोन लहान इन्व्हर्टर स्प्लिट (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे) बरे. एक बंद पडला तरी काम चालतं, आणि गल्लीतला मेकॅनिकही हात घालतो.

माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॉट उष्णता टाकतो. वीस जण म्हणजे 2 किलोवॅट, आणि 1 टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तेव्हा माणसं किती, कॉम्प्युटर किती ते कळव. आणि घरमालक छज्जा करू देतो का, ते आधी विचार. त्याशिवाय टनाचा आकडा मी सांगणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पिंट्या