पुस्तक मिटा, मग लिहा

सहावी ते आठवीची मुले धडा घडाघडा वाचतात, पण 'यात काय सांगितलंय?' असे विचारले की गप्प. उत्तरे गाइडात तयार आणि निबंध फळ्यावरून उतरवायचा, मग दुसरे काय होणार?

रोज वीस मिनिटे दिली तरी फरक पडतो. शंभर-दीडशे शब्दांचा उतारा घ्यावा. वर्तमानपत्रातली लासलगावच्या कांदा लिलावाची बातमीही चालेल. शिक्षकांनी एकदा मोठ्याने वाचावी, मग मुलांनी जोडीजोडीने. नंतर पुस्तक मिटून दोन वाक्यांत सारांश. पुस्तक उघडे राहिले की मुले पहिली दोन वाक्ये जशीच्या तशी उतरवतात. 'आवक वाढल्याने भाव घसरले' इथे थांबून 'का घसरले?' एवढेच विचारावे. 'वाढल्याने' हा शब्द कारण सांगतो, हे मुलांना आपसूक सापडते. 'तरीही', 'अन्यथा' यांचेही तसेच.

लेखन आठवड्यातून एकच, पण दोनदा. पहिल्या खर्ड्यात फक्त आशय पाहावा. दुसऱ्यात शुद्धलेखन, तेही एका वेळी एकच नियम : उदाहरणार्थ, मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ ('आणि' मात्र ऱ्हस्वच, तिथे मुले हमखास अडखळतात). अख्खे पान लाल केले, तर मूल पुढच्या वेळी चार सोपी वाक्ये लिहून मोकळे होते. साठ वह्या तपासायच्या कधी? रोज दहा घ्याव्यात, शनिवारी संपतात.

– मराठीची शिक्षिका, नाशिकरोड