विषय: मार्क १४ चा कन्व्हर्जन सेट, उलटा प्रॉपेलर आणि तुमचा आजचा फोन

ग्राहक सेवा विभागाच्या वर जे कोणी बसत असतील त्यांना,

कसे आहात वगैरे विचारत नाही, कारण पंधरा मिनिटांपूर्वीच तुमच्या माणसाने "अजून काही मदत करू शकतो का सर" असं म्हणून फोन ठेवलाय आणि मी त्या "अजून" वरच अडकलोय. आधीची मदत कुठली होती तेवढं कळवा. ऑर्डर नंबर तुमच्याकडे आहे, तीन फोनवर तीन वेळा वाचून दाखवलाय, मला पाठ झाला पण तुमच्या सिस्टीमला अजून सापडत नाहीये.

सेट कुठला, तर स्पिटफायरच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, १/४८ स्केलच्या प्लास्टिक मॉडेलमध्ये मार्क ९ ही आवृत्ती बदलून मार्क १४ करायचा तुमचा रेझिनचा सेट. नाक, स्पिनर (प्रॉपेलरची टोपी), पाच पाती, दोन रेडिएटर, एक रडर (शेपटीचा वळणारा उभा भाग) आणि दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद, ज्याला तुम्ही इन्स्ट्रक्शन म्हणता. हा सेट तुम्हीच बनवता, त्यामुळे मार्क १४ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज पडू नये असं मी पहिल्या फोनपर्यंत समजत होतो. मार्क ९ मध्ये मर्लिन इंजिन, मार्क १४ मध्ये ग्रिफन, इंजिन मोठं म्हणून नाक लांब, विमानाची लांबी ३१ फूट १ इंचावरून ३२ फूट ८ इंच, म्हणजे आपल्या स्केलमध्ये साधारण एक सेंटिमीटरचा फरक आणि त्यातला बराचसा नाकात. चारच्या जागी पाच पाती. आणि सगळ्यात मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र आहे, ती म्हणजे ग्रिफन मर्लिनच्या उलट दिशेने फिरतं.

हे मी शोधून काढलेलं नाही. पायलटच्या सीटवरून बघितलं तर मर्लिनचा प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो आणि ग्रिफनचा काट्यांच्या विरुद्ध. टेकऑफला मर्लिनवालं स्पिटफायर डावीकडे ओढायचं, ग्रिफनवालं उजवीकडे, आणि मर्लिनची सवय झालेला पायलट विसरून जुन्याच बाजूला रडर आधीच वळवून (ट्रिम देऊन) बसला तर रनवेवर तारांबळ उडायची. ज्या फरकाने खऱ्या पायलटांना घाम फोडला तो तुमच्या सेटमधून गायब आहे. तुमची पाचही पाती मर्लिनच्या पिळाची आहेत. पाचही. एखादं चुकलं असतं तर पॅकिंगची चूक म्हणून सोडून दिलं असतं.

मला हे कधी कळलं तेही सांगतो, म्हणजे "आधी का नाही बघितलं" हा चौथा प्रश्न वाचेल (आधीचे तीन तुमच्या माणसांनी विचारून झालेत). तुमच्या कागदावर पायरी १ काय आहे? करवत. इंजिनच्या कव्हरमागच्या पॅनेल लाइनवर (पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेघ) बॉडी कापा. प्रॉपेलर पायरी ९ ला येतो. मी कागदावर विश्वास ठेवणारा माणूस आहे, म्हणून पॅनेल लाइनला लागून लेबलची जाड टेप गोल गुंडाळली, तिच्या कडेने आधी स्क्राइबरने (कोरायच्या टोकदार हत्याराने) दहा-बारा वेळा हलकी रेघ ओढली, मग रेझर सॉ, आणि सहा वर्षं जपून ठेवलेल्या एका चांगल्या, म्हणजे खरंच चांगल्या मार्क ९ च्या किटचं नाक उडवलं. तो तुकडा टेबलावर पडला तेव्हा पोटात गोळा आला होता, पण म्हटलं पुढे मार्क १४ आहे.

मग पायरी ९ च्या रात्री पाती त्यांच्या रेझिनच्या ठोकळ्यांवरून कापून, पाण्यात घासून (रेझिनची धूळ छातीत जाऊ नये म्हणून ओलं घासा, हेही तुमच्या कागदावर नाही, मीच सांगतोय) दिव्याखाली ओळीने ठेवली. बाजूला किटचा जुना चार पात्यांचा प्रॉपेलर पडला होता, जो आता फेकायचाच होता. एक पातं उचलून सहज त्याच्याशेजारी धरलं आणि दोघांचा पीळ एकाच बाजूला. वाटलं झोप आलीय. आडवं धरलं, उभं धरलं, तरी तेच. समोरून बघताना वर उभ्या असलेल्या पात्याची जाड गोल कड ग्रिफनला बघणाऱ्याच्या उजव्या हाताला यायला हवी, ती तुमच्या पात्यांना डाव्या हाताला येते. आणि यातली खरी गंमत म्हणजे तुमच्याच डब्यावरचं चित्र! विमान जमिनीवर उभं आहे, पाती स्थिर आहेत, पीळ अगदी बरोबर काढलाय. म्हणजे तुमच्या कंपनीत ग्रिफन कुणीकडे फिरतं हे एका माणसाला नक्की माहीत आहे, आणि त्याला तुम्ही चित्रं काढायला बसवलंय.

पहिला फोन ठीक झाला. मुलगी शांत होती, तिने "डिफेक्टिव्ह पार्ट" असं लिहून घेतलं आणि नवीन पाती पाठवते म्हणाली. पाच आठवड्यांनी पाकीट आलं. पाच पाती. तोच पीळ. यायचाच होता, कारण साच्यात नाही, मूळ मास्टरमध्येच, म्हणजे ज्या नमुन्यावरून साचा केलात त्यातच, घोळ आहे, त्याच साच्यातून पन्नास वेळा काढलीत तरी पन्नास वेळा उलटीच निघणार. आता माझ्याकडे मर्लिनच्या पिळाची दहा पाती आहेत आणि मर्लिनचं एकही नाक नाही, कारण ते मी तुमच्या सांगण्यावरून कापलं.

दुसऱ्या फोनवर नाकाचंही सांगितलं. तुमचं रेझिनचं नाक बॉडीच्या कापलेल्या तोंडापेक्षा रुंदीला पावणेदोन मिलिमीटर अरुंद आहे. कॅलिपर लावून मोजलंय, नजरेचा अंदाज नाही. खऱ्या विमानाच्या हिशोबात ही तफावत आठ सेंटिमीटरच्या वर जाते. रेझिन थोडं आक्रसतं हे सगळ्यांना माहीत आहे, मास्टर करतानाच ते धरायचं असतं. यावर उत्तर आलं "थोडी पुट्टी लागेल सर". थोडी? दोन्ही बाजूंना जवळजवळ मिलिमीटरभर पायरी भरायची म्हणजे अर्धं विमान पुट्टीचं, आणि ती पुट्टी मीच भरायची, घासायची, त्यात पुसल्या गेलेल्या पॅनेल लाइन पुन्हा मीच कोरायच्या, मग तुम्ही नक्की काय विकलंत मला?

शेपटीबद्दल तर बोललोच नाही अजून. मार्क १४ ला रडर मोठा, तसा त्याच्यापुढचा फिनही (शेपटीचा न हलणारा उभा भाग) मोठा. तुम्ही रडर दिला, फिन दिला नाही. मार्क १४ हे मार्क ८ च्या बॉडीवरून पुढे आलेलं, म्हणून मागचं चाक आत जाणारं, मार्क ९ चं साधं बाहेर राहणारं. त्याबद्दल कागदावर एक शब्द नाही, "किटमधले पार्ट गरजेनुसार वापरा" एवढंच. हे सगळं मी प्लास्टिक शीटने करून घेतलं असतं, तक्रारही केली नसती. चाकाला दारं करायला मला आवडतं. पण पिळाची पाती घरी कशी करू?

आता आजचा फोन. बावीस मिनिटं ती सनईछाप धून ऐकल्यावर एक "सीनियर टेक्निकल" आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सर प्रॉपेलर दोन्ही बाजूंना फिरतो ना?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, काय?

"म्हणजे सर, तुम्ही बोटाने ढकललात की तो दोन्ही बाजूंना फिरतो. इकडे पण, तिकडे पण. मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी म्हटलं अहो फिरण्याचा प्रश्न नाही, पात्याच्या पिळाचा आहे, या पिळाने ग्रिफन चालवलं तर हवा पुढे ढकलली जाईल आणि विमान मागे जाईल. तर ते म्हणाले, अगदी समजावणीच्या सुरात, लहान मुलाला सांगतात तसं, "सर, तुम्ही त्यात मोटर बसवणार आहात का?" म्हटलं नाही. "उडवणार आहात का?" नाही. "मग जे फिरणारच नाही त्याच्या दिशेचा प्रश्न कुठे येतो?"

हे वाक्य मी लिहून ठेवलंय. तुम्ही पण लिहून ठेवा, ऑफिसच्या भिंतीवर लावा, कारण त्या हिशोबाने तुमच्या सगळ्या कॅटलॉगची गरज संपते. जे उडणारच नाही त्याला पंख कशाला, ज्यात कोणी बसणारच नाही त्याला तुम्ही सीटबेल्टसकट सीट कशाला विकता? आम्ही एवढे पैसे आणि एवढ्या रात्री घालतो त्या फक्त एवढ्यासाठीच ना, की न उडणारी गोष्ट खऱ्यासारखी दिसावी.

पुढे ऐका, संपलं नाहीये. मी गप्प बसलो तर त्यांना वाटलं मला पटलं. मग म्हणे "नाहीतर पाती उलटी करून लावा". मी म्हटलं, उजव्या आट्यांचा स्क्रू उलटा धरला तर तो डाव्या आट्यांचा होतो का? शांतता. कीबोर्डचा आवाज. मग, "स्क्रू तुमच्या सेटमध्ये नाहीये सर."

देवाशप्पथ असंच म्हणाले. स्क्रू तुमच्या सेटमध्ये नाहीये सर.

आणि मग शेवटचा घाव, "सर मग तुम्ही डायरेक्ट मार्क १४ चंच किट का नाही घेतलं?" कन्व्हर्जन सेट विकणाऱ्या कंपनीचा माणूस मला विचारतोय की कन्व्हर्जन का केलं. तयार मार्क १४ मिळतं हे मलाही माहीत आहे हो. पण एका विमानाचं दुसरं विमान स्वतःच्या हाताने करायचं असतं काही लोकांना, त्याच वेडावर तुमचं दुकान चालतं, निदान तुमच्याच माणसांनी तरी त्या वेडाला हसू नये.

परत करतो म्हटलं तर "वापरलेला माल परत घेत नाही". हे मात्र पाठ आहे सगळ्यांना, तिन्ही फोनवर एकाच चालीत ऐकलं. तुमच्या मालाचा वापर सुरूच होतो दुसऱ्याचा माल कापून, न वापरता कसं कळणार होतं नाक बसत नाही ते? आणि पाती तर तुम्हीच पाच आठवड्यांनी पुन्हा तशीच पाठवलीत, तीही वापरलेली धरणार का? वर पुढच्या ऑर्डरवर १० टक्के डिस्काउंट देऊ केलात. म्हणजे पुढच्या विमानाचं नाक १० टक्के कमी कापू का?

वाईट जास्त याचं वाटतं की आठ वर्षं तुमची चाकं, तुमचे एक्झॉस्ट, तुमच्या सीट डोळे मिटून घेत आलोय. नवीन मुलांना सांगायचो की रेझिनमध्ये हेच घे, फिटिंगला त्रास नाही. एकदा तर तुमच्या चाकांवरून एका माणसाशी भांडलोय, तुमच्या बाजूने. आता त्याला तोंड कसं दाखवायचं.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. ग्रिफनच्या पिळाची पाच पाती, नवीन मास्टरवरून काढलेली. बॉडीच्या मापाचं नाक. आणि जे मार्क ९ मी तुमच्या कागदावरून कापलं त्याच्या जागी दुसरं तेच किट. ते तुम्ही बनवत नाही हे मला माहीत आहे, बाजारातून विकत घ्या, मीही तसंच घेतलं होतं. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर पात्यांचे फोटो, जुना प्रॉपेलर आणि तुमच्या डब्याचं झाकण शेजारी शेजारी ठेवून काढलेत ते, आणि आजच्या फोनचं पूर्ण संभाषण, मी ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे टाकणार आहे, आणि मी बऱ्याच ग्रुपमध्ये आहे. ग्राहक आयोगाचा फॉर्मही भरून ठेवलाय. धमकी देत नाहीये. बरं, देतोय.

फोन करू नका, ती धून पुन्हा ऐकायची ताकद नाही. मेल करा. बॉडी आत्ता टेबलावर नाकाशिवाय उभी आहे, पुढच्या भोकातून थेट कॉकपिटची सीट दिसते, तुमचीच आहे ती, सीटबेल्टसकट. धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला मास्किंग टेप लावलीय. आणि पाती खरंच पाठवणार असाल तर पाकीट चिकटवायच्या आधी एक पातं डब्यावरच्या चित्राशेजारी धरून बघा. जमलं तर ते चित्र काढणाऱ्यालाच धरायला सांगा.

तुमचा (अजून तरी) ग्राहक