हाताच्या फोडाला एक प्रश्न विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

देवीचा रोग जगातून हद्दपार झाल्याचे १९८० साली जाहीर झाले आणि सर्वसामान्यांना देवी काढणेही बंद झाले. हे मोठेच यश. पण त्यानंतर देवीच्या जातीचे सगळेच विषाणू संपले, असे आपली यंत्रणा धरून चालली आहे. गेली ती एकटी देवी. तिचे भाऊबंद शेळ्यामेंढ्यांत, गाईम्हशींत, उंदीर-खारींत अजून आहेत आणि तिथून ते माणसाच्या कातडीवर उतरतात.

तोंडाला खपल्या आलेल्या शेळीला औषध पाजणाऱ्याच्या बोटावर ओरखडा असला, तर काही दिवसांत तिथे गाठ येते. मधोमध लाल, भोवती पांढरे कडे, त्याबाहेर पुन्हा लाली. मग ती पाझरते, खपली धरते आणि बहुतेकांची सहाएक आठवड्यांत आपोआप बरी होते. हा ऑर्फ. सडांवरून धार काढणाऱ्याच्या हाताला येणारी गाठ त्याच्याच जवळची. म्हशींची देवी मात्र वेगळी. तिचा विषाणू देवीच्या लसीतल्या विषाणूचा सख्खा नातलग. (कांजिण्या यांपैकी नव्हेत, त्यांचा विषाणू नागिणीचा.)

दवाखान्यात या गाठीला गळू समजून चिरा दिला जातो, अँटिबायोटिक सुरू होते. चिऱ्याने जखम चिघळते आणि अँटिबायोटिक विषाणूला लागू पडत नाही. जनावरांशी संबंध आला का, एवढे विचारले तर हे सगळे टळेल.

मला जास्त काळजी एमपॉक्सची, म्हणजे पूर्वी मंकीपॉक्स म्हणत त्या देवीच्याच जातीच्या रोगाची वाटते. माणसात तो १९७० साली काँगोत प्रथम सापडला, २०२२ साली जगभर पसरला. देवीची लस त्याच्यापासूनही बऱ्यापैकी वाचवत असे. लस थांबल्यावर जन्मलेल्यांना ते कवच नाही. अंगावर फोड आलेला माणूस लाजेने घरी बसला, तर साथ कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

म्हणून विनंती : केसपेपरवर जनावरांच्या संपर्काचा रकाना घाला. संशयित फोडाची खपली पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीला पाठवण्याची सोय जिल्ह्याच्या पातळीवर करा. निदान झाले की त्याच दिवशी पशुवैद्यकीय विभागाला कळले पाहिजे, आणि त्यांच्याकडचे आपल्याला. शिवाय मोलस्कमचे (हाही देवीच्याच जातीच्या विषाणूचा त्वचारोग), मध्ये खळगी असलेले मोत्यासारखे दाणे आलेल्या मुलांना शाळेतून घरी पाठवू नये, असे परिपत्रक काढा. दाणे झाकले आणि टॉवेल वेगळा ठेवला की पुरते.

आपली,
एक त्वचारोगतज्ज्ञ