पदरात हात गुंडाळून बसलेल्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

हे तुम्हाला समोर बसून सांगणं मला जमलं नसतं. गळा दाटला की मी काहीतरी फालतू विनोद करतो आणि वेळ मारून नेतो, ते तुम्ही वर्षभर बघितलंयच. म्हणून इथं चारचौघांत लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

काल संध्याकाळी, मी कॉम्प्युटरवर केलेली त्या किराणावाल्यांची पाटी चढली. चढवणारी पोरं वेगळी, मी खाली रस्त्यावर उभा, हातात ब्रश नाही, शर्टावर रंगाचा एक थेंब नाही, नुसतं बघायचं. कसंतरीच वाटत होतं बघा. रस्ता ओलांडून पलीकडून बघितली, मग चहाच्या गाड्यापासून, मग परत अलीकडं येऊन अगदी खालून मान वर करून. गाडीवाला म्हणाला, पेंटर, काय हरवलंय काय तुमचं?

आता बाकीच्यांसाठी सांगतो. मी सांगलीतला पेंटर, म्हणजे चित्रकार नव्हे हो, बोर्ड पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुका आल्या की भिंतीच्या भिंती. फ्लेक्स आलं तेव्हाच आमचा धंदा बसला होता, उरलंसुरलं 2019 च्या महापुरानं नेलं. कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, त्यात माझ्या गाळ्याचं काय घेऊन बसलात. ऑइलपेंटचे डबे गेले, उभं राहून रंगवायचा लाकडी घोडा गेला, ब्रश तेवढे गाळात सापडले, तेही काय कामाचे. मग मुलगी म्हणाली पप्पा कॉम्प्युटर शिका, अक्षर तर तुमच्या हातात आहेच.

तिथून पुढं तुमच्याकडं येईपर्यंत जे झालं ते सांगितल्याशिवाय तुमचे आभार नीट मानता येणार नाहीत. आधीच्या क्लासात मी साडेसात हजार भरले. तिथं शिकवायला पंचविशीतला मुलगा, हुशार, नाही म्हणत नाही, पण मी काही विचारलं की त्याचं एकच वाक्य, "काका, सरका जरा." मी सरकायचो. तो माऊस घ्यायचा, टकाटक चार ठिकाणी क्लिक करायचा, "झालं बघा," आणि गेला पुढच्याकडं. काय झालं ते त्यालाच माहीत. तीन महिने मी सरकत होतो मॅडम. फोटोशॉपमधे मराठी टाईप केलं की वेलांटी भलत्याच अक्षराला लागायची, जोडाक्षरं फुटून पाय मोडके व्हायचे, तर म्हणे यात मराठी नीट येतच नाही, तुम्ही इंग्लिशमधेच करा ना. अहो मी जन्मभर मराठी लिहून पोट भरलंय! आणि तुमच्याकडं कळलं काय, तर टाईपच्या सेटिंगमधे आपल्याकडच्या लिप्यांसाठीचा वेगळा पर्याय असतो, तो निवडायचा आणि प्रोग्रॅम बंद करून परत उघडायचा. बस्स. एवढ्यासाठी मी तीन महिने मानत होतो की दोष माझ्या वयाचा आहे.

तुम्ही पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर चालूच केला नाहीत. काळा कागद, कात्री, आणि कुठलंही एक अक्षर कापून पांढऱ्यावर चिकटवा. माझ्या शेजारची कॉलेजातली पोरं वैतागली होती, त्यांना थेट लोगो करायचे होते. मी 'ळ' घेतला. का घेतला माहीत नाही, हाताला सोपा वाटला असेल, आणि कात्रीनं कापायला गेलो तर घाम फुटला. त्या दोन पोटांतली जागा सारखी येईना. तुम्ही म्हणालात काळ्याकडं बघू नका, पांढऱ्याकडं बघा. इतकी वर्षं हाताला जे माहीत होतं ते डोळ्याला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

मग ते नाटकांच्या जाहिरातींचं. जुन्या पेपरांतनं कापून आणायला लावल्यात, वहीत चिकटवायला लावल्यात आणि नाटकांची नावं अक्षरांत रंगवणारे कमल शेडगे, हे नाव तिथं मला पहिल्यांदा कळलं. शीर्षक वाचायच्या आधीच नाटक हसवणारं आहे का रडवणारं ते अक्षरावरून समजायचं. नाट्यपंढरीत राहून, त्या जाहिराती बघतच लहानाचे मोठे होऊन, हे कोण लिहितं असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही, कमाल आहे.

रंगाच्या तासाला मी भांडलो होतो तुमच्याशी, आठवतंय? स्क्रीनवर लाल आणि हिरवा मिसळला की पिवळा होतो म्हणालात. मी म्हटलं आमच्या डब्यात तर चिखल होतो. सगळे हसले, पण तुम्ही नाही हसलात, तुम्ही म्हणालात पेंटर बरोबर बोलतायत, तो उजेड आहे आणि हा रंग आहे, छापायला गेलात की यांचाच हिशोब लागणार. मग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचा हिशोब, आलं आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. आणि तो 'ल'! कॉम्प्युटरचा ल बघून मी म्हटलं हा आपला नाही, हा हिंदीवाल्यांचा. तुम्ही खुर्चीतून उठलात आनंदानं. मग दाखवलंत की काही फॉन्टांत दोन्ही वळणाचे ल आणि श भरलेले असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की आपला येतो. दोन मिनिटांची गोष्ट, पण वर्गात मला काहीतरी येतंय असं पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा.

पण हे सगळं शिकवणं झालं. ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते वेगळंच आहे.

आपल्या गल्लीतल्या एका दुकानाची पाटी, हे प्रोजेक्ट होतं. पाटी लांब, नाव छोटं, मग जागा भरायला मी कोरल या डिझाईनच्या प्रोग्रॅममधे दोन अक्षरांतलं अंतर वाढवत गेलो. इंग्लिशमधे चालतं ते. मराठीत काय होणार, शिरोरेघ तुटली. प्रत्येक अक्षर आपलं छप्पर घेऊन वेगळं उभं, मधे फटी, दात पडलेल्या तोंडासारखं. आणि हे मी केलेलं! ज्यानं आयुष्यभर बोर्डावर सगळ्यात आधी दोरी मारून शिरोरेघ आखली त्या माणसानं. तेवढ्यात तुम्ही मागं येऊन उभ्या राहिलात आणि मी सवयीनं खुर्चीतून उठलो. सरकलो म्हणजे.

तुम्ही म्हणालात, "उठताय कशाला? बसा की."

मग स्टूल ओढलंत, शेजारी बसलात, आणि दोन्ही हात पदरात गच्च गुंडाळून मांडीवर ठेवलेत. मला वाटलं थंडी वाजतीय. एप्रिल महिना! मी विचारलं पण, काय झालं मॅडम म्हणून, तर तुम्ही काय म्हणालात ते माझ्या डोक्यातनं जात नाही. "हात वळवळतात हो माझे माऊसकडं जायला, म्हणून बांधून ठेवलेत. तुम्ही करा."

अर्धा तास तरी गेला असेल. मी वरून एक काळी पट्टी मारून फटी बुजवायचा चावटपणा केला, तर तुम्ही एवढंच विचारलंत, बोर्डावर असं केलं असतं का? नसतं केलं. पट्टी काढली. फॉन्ट बदलून बघितला, ताणून बघितला, ताणल्यावर तर उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक, भयाण. शेवटी अंतर होतं तसं शून्यावर आणलं, अक्षर जाडं आणि मोठं केलं, उरलेल्या जागेत खाली दुसरी ओळ घेतली, म्हणजे हातानं जे केलं असतं तेच केलं. बाकीची पोरं तोवर घरी गेली होती, शिपाई दोनदा डोकावून गेला. तुमचे हात पदरातच होते. मी "झालं" म्हटल्यावर सोडलेत, आणि बोटांवर पदराच्या काठाचे वळ उठले होते.

मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली त्यात काय एवढं. तिला कसं सांगू. अशी माणसं असतात मॅडम, एसटीतनं म्हातारी उतरेपर्यंत घंटी न मारणारा कंडक्टर असतो, बँकेत स्लिप चुकली तर फाडून तोंडावर न टाकता दुसरी पुढं करणारा असतो, त्यांच्याबद्दल कोणी कुठं लिहीत नाही, आणि सरका म्हणणारे मात्र सगळ्यांना पाठ असतात. मला तर अजून त्या पोराचा आवाज ऐकू येतो. त्याच्यावर राग नाही आता, त्यालाही कुणीतरी असंच सरकवून शिकवलं असणार.

कामं येतायत आता. 2022 ला कायदा बदलून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मग 2023 ला सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा धडाधड पाट्या लागल्या होत्या ना, त्यातल्या कितीकांवर अजून तुटकी शिरोरेघ आणि उलटी वेलांटी आहे, बाजारात चालताना मान खाली घालावीशी वाटते. तसल्या तीन पाट्या नवीन करून द्यायचं बोलणं चाललंय. घरी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर इंकस्केप हा डिझाईनचा प्रोग्रॅम टाकलाय, फुकटचा आहे आणि मराठी सरळ येतं. तुमचं ऐकून फाईल देताना कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रच करून देतो, नाहीतर छापणाऱ्याकडं फॉन्ट नसला की दुकानाच्या नावाचं काय वाट्टेल ते होतं.

किराणावाल्यांची पाटी बघायला या एकदा, संध्याकाळी दिवे लागले की या. खालच्या ओळीत 'गूळ व डाळी' आहे. त्यातल्या गुळाच्या ळ मधे काहीतरी खटकतंय मला, काल रात्रीपासून खटकतंय, छापायच्या आधी कसं दिसलं नाही देव जाणे. तुम्हाला बघितल्या बघितल्या कळेल. सांगू नका, मी शोधतो.

तुमचा,
शेवटच्या बाकावरचा पेंटर