दोन प्रगतिपुस्तके

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा दाखला काल टपालात टाकला आणि पावती निळ्या वहीत चिकटवून ठेवली आहे. पाकिटावर पत्ता लिहून तो तीन आठवडे माझ्या टेबलावर तसाच पडून होता. म्हणूनच "तुला माझे काही लक्षातच राहत नाही" असे तू फोनवर म्हणालीस, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज थोडेसे आहे. ते सबब म्हणून वाचू नकोस.

गेल्या महिन्यात, तुला न सांगता, मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. विस्मरणाचा आजार सुरू झाला असे मला वाटत होते, आणि आत्याचे अखेरचे दिवस तू पाहिलेले असल्याने तुझ्याजवळ तो विषय काढवत नव्हता. तीन भेटींनंतर त्यांनी सांगितले, की हा एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे कठीण जाण्याचा विकार आहे आणि तो आता उद्भवलेला नसून लहानपणापासून माझ्यासोबत आहे. निदान करताना वयाच्या १२व्या वर्षापूर्वी काही लक्षणे दिसत होती का हे पाहावे लागते, म्हणून त्यांनी माझी शाळेची प्रगतिपुस्तके मागवली आणि आजीशीही ते बराच वेळ बोलले. वर्गात धावपळ करणारे मूल सर्वांच्या डोळ्यांवर येते. खिडकीशी गप्प बसून भलत्याच विचारात हरवणारी मुलगी अनेकदा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मी तशी मुलगी होते.

मग इतकी वर्षे निभावले कसे, हा प्रश्न मीही त्यांना विचारला. माझा सगळा दिवस तुम्हा दोघांच्या वेळापत्रकाला टेकून उभा होता. सकाळची शाळेची बस, संध्याकाळचा क्लास, परीक्षेच्या तारखा यांना मी चुकू शकत नव्हते, कारण दारात तुम्ही उभे असायचात. दादा घराबाहेर राहायला गेला तेव्हा निम्मा आधार सुटला आणि जूनमध्ये तू गेलीस तेव्हा उरलेला. त्यानंतर सकाळ कधी संपली आणि दुपार कुठे गेली हे मला कळेनासे झाले. त्यात रजोनिवृत्तीचे वय. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि त्याचा मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कामाशी संबंध असल्याने आधीचा विसराळूपणा पुष्कळ स्त्रियांना अधिक जाणवू लागतो. तुझ्या जाण्याने हे झाले असे मात्र क्षणभरही मनात आणू नकोस.

सध्या सकाळी एक गोळी घेते आणि तिच्यामुळे रक्तदाब व नाडीची नोंद ठेवते. गोळीला मी फार घाबरले होते, पण तिने मी बदलले नाही. हाती घेतलेले काम पूर्ण होईपर्यंत हातात राहते, इतकेच. सर्वांत मोठी मदत बाबांची होते. मी कागद आवरायला बसले की ते शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसतात, काही बोलत नाहीत, आणि त्यांच्या नुसत्या असण्याने माझे काम तडीस जाते.

हे सर्व लिहिताना तुझ्याविषयी काही विचारायचे नाही असे ठरवले होते. परंतु माझी प्रगतिपुस्तके शोधताना तुझे चौथीचे हाती लागले. माझ्यावर शेरा आहे, "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते." तुझ्यावर आहे, "उत्तरे येतात, पण पेपर अपुरा सोडते." जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून एडीएचडीमध्ये अनुवंशाचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास मानला जातो. हा आकडा माणसामाणसांतील फरकांविषयीचा आहे, आईला आहे म्हणून मुलीला होण्याची शक्यता तेवढी असा त्याचा अर्थ नव्हे, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावले. मला ते कळते, आणि तरीही मी रात्री दोन वाजता तेच पान उघडून बसते.

तू नऊ वर्षांची असताना एका पायात बूट घालून जिन्यावर गोष्टीचे पुस्तक वाचत बसली होतीस आणि बस निघून गेली होती. त्या दिवशी मी तुला आळशी म्हणाले. आजी मला म्हणायची तोच शब्द. पुढे त्याच मुलीने दोन रात्री जागून काड्यापेटीच्या काड्यांचा पूल बांधला आणि बाबांनी त्यावर एकामागून एक विटा ठेवल्या, तेव्हा अभिमानाने माझा गळा दाटून आला होता. तो आळशी मुलीचा पूल नव्हता, हे मला त्याच वेळी कळायला हवे होते.

परीक्षेच्या आदल्या रात्रीवर अभ्यास ढकलू नकोस, मोठ्या कामाचे छोटे तुकडे करून लिहून ठेव, झोप मोडू नकोस, आणि स्वतःला आळशी म्हणत असशील तर आजपासून म्हणू नकोस. पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर. तुझे तुला सुरळीत चालले असेल तर मला आनंदच आहे. पण एकच पान पाच-पाच वेळा वाचावे लागत असेल, तर एकदा तपासणी करून घेशील का? हे लिहायचे नव्हते, तरी लिहिले.

दाखला मिळाला की कळव. तुझे प्रगतिपुस्तक अजून कपाटात परत ठेवलेले नाही; डॉक्टरांना दाखवण्यासाठी हवे असेल तर सांग, मी त्याच दिवशी पाठवीन.

तुझी,
आई