कांद्याच्या सुपाचे आभार

आदरणीय मालकीणबाई आणि शेफसाहेब,

मराठीतच लिहितेय. आभार आपल्या भाषेत मानायचे, असं आईने बजावलंय. अर्थ सांगायला मी येईनच.

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातली चिपिंग कॅम्पडेन ते बाथ ही पायवाट १६४ किलोमीटरची. त्यातले जेमतेम चार चाललो आणि पावसाने गाठलं. तुमच्या गावात शिरलो तेव्हा रविवारचे अडीच वाजून गेले होते, म्हणजे किचन बंद व्हायची वेळ. आई तुमच्या पबच्या दारातच अडली. बहात्तर वर्षांत ती दारूच्या गुत्त्याची पायरी कधी चढलेली नाही, आणि पब म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर पुण्यातला रात्रीचा धांगडधिंगा. इथे शेकोटीपाशी कुत्रं घोरत होतं आणि दोन आजोबा शब्दकोडं सोडवत होते. मालकीणबाई, तुम्ही काही न विचारता तिचा ओला स्वेटर शेकोटीसमोर वाळत घातलात. मग ती बसली.

फळ्यावर एका बाजूला इंग्लिश पदार्थ, स्टेक अँड एल पाय आणि रोस्ट, दुसऱ्या बाजूला फ्रेंच, शिंपले आणि बदक. आई शाकाहारी, म्हणून मी फ्रेंच ओनियन सूप मागितलं. शेफसाहेब, तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि आपणहून सांगितलंत, त्यात बीफचा स्टॉक, म्हणजे हाडामांसाचं उकळलेलं पाणी असतं. चिप्ससुद्धा बीफच्या चरबीत तळतो. आदल्याच दिवशी एका ठिकाणी ‘व्हेज’ म्हणून दिलेलं अर्धं संपल्यावर आम्हाला खरं कळलं होतं. त्यामुळे तुमचं ते सांगणं मला जेवणाहून मोठं वाटलं.

परतलेला कांदा अजून त्या स्टॉकमध्ये मिसळलेला नव्हता. त्यात तुम्ही भाज्यांचं उकळलेलं पाणी घातलंत, वाइन वगळलीत. ग्रुयेर चीजही बाजूला ठेवलंत, कारण त्यात वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. त्याऐवजी शाकाहारी रेनेटचं चेडर किसलंत. फ्रेंच सुपावर इंग्लिश चीज! “माझ्या आईला सांगू नका,” म्हणालात.

माझ्या आईचं माहेर लासलगाव. कांद्याच्या चाळीत खेळलेली बाई. पहिल्या चमच्याला म्हणाली, “मंद आचेवर तासभर तरी परतलाय गं. घाई केली की कडू होतो.” हे मी सांगितल्यावर तुम्ही तिला थेट आत नेलंत. तुम्ही कांदा उभा, कागदासारखा पातळ कापून दाखवलात. तिने एक कांदा ओट्यावर ठेवला आणि बुक्की मारून फोडला. तुम्हीही मारलीत. तुमचा कांदा फ्रीजखाली गेला.

आणि मालकीणबाई, बस चुकली म्हणून मोर्टन-इन-मार्श स्टेशनापर्यंत गाडीने सोडलंत, पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत. आईने मागच्या सीटवर ठेवलेला चिवडा सापडला असेलच. तिखट आहे, जपून.

आई फोनवर दर वेळी एकच विचारते: त्यांना बुक्की जमली का?

तुमची,
लासलगावच्या बाईंची लेक